एक ते बारा : फिलिपिन्सच्या काठीची गोष्ट

फिलिपिन्समध्ये काठी चालवायला शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मोजायला शिकवतात. एक म्हणजे समोरच्याच्या डाव्या कानशिलावर येणारा वार. दोन म्हणजे उजव्या कानशिलावर. पाच म्हणजे पोटात खुपसणे. पुढे गुडघे, डोळे, आणि बारा म्हणजे सरळ टाळूवर. घराण्यागणिक क्रम थोडाफार बदलतो, काही ठिकाणी पाचच वार मोजतात, पण बाराचा हिशेब सगळ्यात जास्त चालतो. हातात वेताची काठी असते, साधारण २८ इंच लांब आणि इंचभर जाड. वस्ताद आकडा पुकारतो, शिष्य वार करतो. आणि सेबू शहरातल्या जुन्या वस्तादांच्या तोंडी हे आकडे असायचे स्पॅनिश भाषेतले : उनो, दोस, त्रेस.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की आजच्या विषयाची सगळी गोम या आकड्यांत आहे. ही विद्या किती जुनी, कोणाची आणि ती कोणी जिवंत ठेवली, याभोवती दंतकथांचे एक जंगलच वाढलेले आहे. त्या दंतकथा सुरस आहेत, मलाही आवडतात. पण त्यांच्यामागे जी हाडामांसाची माणसे झाकली गेली ती मला अधिक मोलाची वाटतात. त्यांच्यापर्यंत जायचे तर आधी थोडी झाडी तोडावी लागेल.

या विद्येला तीन नावे आहेत. आर्निस, एस्क्रिमा आणि काली. आर्निस हा शब्द स्पॅनिश ‘आर्नेस’वरून आला, त्याचा अर्थ चिलखत. एस्क्रिमा हा सरळसरळ ‘एस्ग्रिमा’, म्हणजे तलवारबाजी. राहिला काली. हे नाव ऐकले की आपले कान टवकारतात, पण आपल्या कालीमातेशी त्याचा काही संबंध दाखवता येत नाही. ‘कालिस’ म्हणजे तलवार, हा शब्द मात्र स्पॅनिश मिशनऱ्यांच्या जुन्या कोशांत सापडतो. काली हे या विद्येचे स्पॅनिशांच्या आधीचे मूळ नाव आणि बाकी सगळ्या तिच्या लेकी, ही कल्पना छापील स्वरूपात पुढे आली ती प्लासिदो याम्बाओ यांच्या १९५७ सालच्या पुस्तकातून. आर्निसवरचे हे पहिले पुस्तक समजतात. त्याला बुएनाव्हेंतुरा मिराफुएन्ते यांनी ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत निघालेल्या बहुतेक पुस्तकांनी तीच थोड्याफार फरकाने उतरवून घेतली. एक प्रस्तावना केवढे काम करून जाते पाहा.

या दंतकथांतली सगळ्यात मोठी आहे मक्तानच्या लढाईची. २७ एप्रिल १५२१ रोजी सेबूजवळच्या मक्तान बेटावर फर्डिनंड मॅगेलन मारला गेला. तिथला सरदार लापुलापु हा काली विद्येचा वस्ताद होता, आणि काठीने त्याने पोलादी तलवारीला हरवले, असे आज जगभरच्या वर्गांत सांगितले जाते. या लढाईचा प्रत्यक्षदर्शी होता अंतोनिओ पिगाफेत्ता, इटालियन माणूस, स्वतः त्या लढाईत जखमी झालेला. तो काय सांगतो? पहाटेच्या आधी बोटी निघाल्या. किनाऱ्याजवळ खडक, त्यामुळे बोटी आत नेता येईनात. एकोणपन्नास माणसे मांडीएवढ्या पाण्यातून चालत गेली. समोर त्याच्या अंदाजाने दीड हजार लोक. बोटींवरच्या तोफांचा मारा तिथपर्यंत पोहोचत नव्हता. बाण, बांबूचे भाले, विस्तवावर टोके भाजून कडक केलेले सोटे, दगड आणि चिखलसुद्धा. मॅगेलनच्या पायात विषारी बाण लागला. दंडावर घाव बसल्यामुळे त्याला तलवार अर्धीच उपसता आली. मग कोणीतरी रुंद पात्याच्या मोठ्या तलवारीने त्याच्या डाव्या पायावर वार केला, तो पालथा पडला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले.

यात द्वंद्व नाही. लापुलापुने स्वतः मॅगेलनला मारले असे पिगाफेत्ता म्हणत नाही. उलट जे दिसते ते मला त्या द्वंद्वापेक्षा मोठे वाटते. भरती-ओहोटी, खडक आणि तोफेचा पल्ला यांचा नेमका हिशेब असलेला एक सरदार आणि त्याची माणसे इथे दिसतात. लढण्याची विद्या त्या बेटांवर होती याला आणखी पुरावा कशाला हवा? पण ती आजची बारा आकड्यांची विद्या होती, असे म्हणायला त्या पानांत काहीही आधार नाही.

दुसरी दंतकथा दहा दातूंची. बोर्निओतून दहा सरदार पळून पनाय बेटावर आले, त्यांनी तिथे बोथोआन नावाच्या शाळा काढल्या आणि त्यांत मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर काली शिकवली, अशी ही कथा. तिचा सांगाडा पेद्रो मोंतेक्लारो यांनी १९०७ साली छापलेल्या ‘मराग्तास’ या पुस्तकातला. लोककथा म्हणून ते उत्तम आहे. पण त्याच्या जोडीला आला ‘कलांतियावचा कायदा’, १४३३ सालचा म्हणे. ही कागदपत्रे होसे मार्को या गृहस्थाने १९१४ च्या सुमारास राष्ट्रीय ग्रंथालयाकडे दिली आणि ती पाठ्यपुस्तकांत गेली. न्यायमूर्तींना द्यायच्या एका सरकारी सन्मानालाही कलांतियावचे नाव मिळाले. विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराने १९६८ मध्ये आपल्या प्रबंधात ती कागदपत्रे बनावट असल्याचे दाखवून दिले. सरकारच्या इतिहास संस्थेने तसे जाहीर करायला मात्र २००४ साल उजाडले. छत्तीस वर्षे! तोवर कितीतरी तालमींच्या भिंतीवर कलांतियाव वंशवृक्षाच्या शेंड्याला जाऊन बसला होता.

तिसरी कथा बंदीची. १७६४ मध्ये स्पॅनिश अधिकारी सिमोन दे आंदा याने या विद्येवर बंदी घातली. मग लोकांनी ती ‘मोरो-मोरो’ नाटकांत लपवली, म्हणजे ख्रिस्ती आणि मुसलमान राजांच्या लढायांच्या त्या रंगीबेरंगी नाटकांत नाच म्हणून वार शिकवले, असे सांगतात. ही कथा सांगणारे मूळ हुकूमनामा कधी पुढे ठेवत नाहीत. आणि काळ पाहिला की शंका वाढते. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली. ती मोहीम निघाली होती मद्रासहून आणि तिच्यात हिंदी शिपाईही होते. त्यांतले काही मागे राहिले, मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांचे वंशज आहेत. या इंग्रजांविरुद्ध खेड्यापाड्यांतून माणसे गोळा करून दोन वर्षे लढला तो हाच सिमोन दे आंदा. आणि मार्च १७६४ मध्ये तर त्याने अधिकार सोडलासुद्धा. ज्यांच्या हातातल्या कोयत्यांवर आपण तगलो त्यांचेच कोयते त्याने काढून घेतले, हे मला पटणे कठीण आहे. नाटकांतल्या तलवारबाजीने ही विद्या वाढवली असेल, हे मात्र पटते. तिथे रोज संध्याकाळी तालीम, गावजत्रेला प्रयोग, आणि चुकले तर प्रेक्षकांची हुर्यो!

तर मग हे स्पॅनिश आकडे आले कुठून? २००७ मध्ये सेबूच्याच दोन लेखकांनी, नेद नेपांग्वे आणि सेलेस्तिनो माकाचोर यांनी, एक धीट मत मांडले. त्यांचे म्हणणे असे की आजची एस्क्रिमा ही स्पॅनिश राजवटीत, किनाऱ्यावरच्या खेड्यांत जन्मली. दक्षिणेकडून सुलू आणि मिंदानाओचे चाचे दरवर्षी होड्यांतून येत, गावे जाळत, माणसे गुलाम म्हणून नेत. मनिलाहून सैन्य पोहोचेपर्यंत सगळे संपलेले असे. तेव्हा गावच्या पाद्र्यांनीच लोकांना लढायला तयार केले. सेबू बेटाच्या दक्षिणेला बोल्हून गावी हुलियान बेर्मेहो नावाचा पाद्री होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने किनाऱ्यावर टेहळणीच्या बुरुजांची साखळी बांधली, गावकऱ्यांचे आरमार उभारले आणि १८१३ मध्ये सुमिलोन बेटाजवळ चाच्यांना हरवले. त्यांतले काही बुरूज आजही उभे आहेत.

मला हे मत बरेचसे पटते, सगळे नाही. शब्द परके असले म्हणून हातही परका म्हणायचा का? दोन काठ्यांच्या विणीला ‘सिनावाली’ म्हणतात, ते ‘सावाली’वरून, म्हणजे घराच्या भिंतीसाठी विणलेल्या बांबूच्या तट्ट्यावरून. पंख्यासारख्या फिरणाऱ्या वाराला ‘आबानिको’, ते स्पॅनिश. तलवार आणि खंजीर एकत्र चालवण्याला ‘एस्पादा इ दागा’, तेही स्पॅनिश. शिकवण्याच्या पद्धतीला ‘आगाक’, ते सेबूचे अस्सल. ही सरमिसळ म्हणजेच या विद्येचा दस्तऐवज, असे मी मानतो. ज्यांनी कागदावर काही ठेवले नाही त्यांनी बोलीत ठेवले.

आता त्या माणसांकडे येऊ.

सेबू शहरात १९२० मध्ये लाबांगोन फेन्सिंग क्लब नावाची मंडळी जमली. ती मोडल्यावर जानेवारी १९३२ मध्ये ‘दोसे पारेस’ हा क्लब निघाला. दोसे पारेस म्हणजे बारा सरदार. कुठले, तर फ्रान्सच्या शार्लमेन राजाचे. त्या सरदारांच्या पद्यकथा फिलिपिन्समध्ये घरोघर वाचल्या जात. क्लबमध्ये प्रामुख्याने दोन कुटुंबे, सावेद्रा आणि कान्येते. कान्येते भावांपैकी सिरिआको, ज्यांना सगळे ‘काकोय’ म्हणत, १९१९ साली जन्मले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वारले. शहाण्णव वर्षांचे आयुष्य आणि त्यातली बहुतेक वर्षे हातात काठी. सावेद्रांपैकी तेओदोरो हे त्या पिढीतले सर्वात तेज खेळाडू मानले जात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांना मारले.

याच क्लबात वेनान्सिओ बाकोन होते. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. १९५२ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर, एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या जागेत वेगळा क्लब काढला. रस्त्याचे नाव तेच घराण्याचे नाव झाले. बाकोन यांचे म्हणणे असे की दोन काठ्या, काठी-खंजीर हे सगळे ठीक आहे, पण खरा कस एका काठीत. दुसरा हात रिकामा ठेवायचा आणि त्याने समोरच्याची काठी दाबायची, मनगट अडवायचे, कोपर ढकलायचे. या रिकाम्या हाताला जिवंत हात म्हणतात.

त्यांची शिकवणी कशी चालायची ते जरा सविस्तर सांगतो. गुरू आणि शिष्य हातभर अंतरावर समोरासमोर उभे. गुरू वार करतो, शिष्य अडवतो आणि परत मारतो, गुरू ते अडवून पुन्हा मारतो. याला शेवट नसतो. वार कुठून येणार ते ठरलेले नसते. शिष्य सैल पडला की काठी बोटांवर. फार ताठ झाला की गुरू त्याच हाताला धरून त्याला फिरवतो. गुरू आपला वेग शिष्याच्या वेगापेक्षा जरासाच पुढे ठेवतो. दहा पावले नाही, अर्धे पाऊल. आगाक म्हणतात ते हेच, बोट धरून चालवणे. बाकोन यांच्या खेळाचे वर्णन त्यांचे शिष्य ‘कुएंतादा’ या शब्दाने करत, म्हणजे हिशेबी. समोरच्याला असा वार करायला लावायचा की ज्याचे उत्तर आपण आधीच सुरू केलेले आहे.

या पद्धतीत एक अडचण होती. गुरू एक आणि शिष्यही एका वेळी एकच. बाकोन सुचेल तसे शिकवत, त्यामुळे एखादा शिष्य दोन वर्षे येऊनही त्याच्या वाट्याला एखादी गोष्ट येतच नसे. त्यांचे शिष्य होसे व्हिलासिन, जे पेशाने वकील होते, आणि तेओफिलो व्हेलेस यांनी या विस्कळीत साठ्याचे गट पाडले, क्रम लावला. आज बालिंतावाक जगात पोहोचले ते मुख्यतः या वर्गवारीमुळे. दंतकथांत वकिलाला जागा नसते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दोसे पारेस आणि बालिंतावाक यांच्यात पुढची तीन दशके हाडवैर होते. आव्हाने, प्रतिआव्हाने, गल्लीबोळांतल्या झटापटी. या सगळ्याच्या मागे ‘हुएगो तोदो’ नावाची जुनी चाल होती. हुएगो तोदो म्हणजे काहीही चालेल असा सामना. गावजत्रेत किंवा कोंबड्यांच्या झुंजीच्या रिंगणात दोन माणसे संरक्षक काही न घालता उतरत. इथे दंतकथांना ऊत येतो. अमुक वस्ताद शंभर सामने अजिंक्य, तमुकाने इतक्यांना यमसदनी धाडले. दोन्ही बाजूंची नावे, तारीख आणि जागा देणारी नोंद अशा आकड्यांबरोबर क्वचितच येते. आणि मेलेला माणूस कोण होता हे तर कधीच कोणी सांगत नाही. तोही कोणाचा तरी शिष्य असेल, त्याच्याही घरी चूल पेटायची असेल. मला या कथांतली ही एक गोष्ट खरोखर खटकते.

बाकोन यांच्याबद्दल त्यांच्या परंपरेत सांगतात, की त्यांनी दबा धरून बसलेल्या एका हल्लेखोराला मारले आणि त्यासाठी तुरुंग भोगला. अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत ही गोष्ट जरा खालच्या आवाजात सांगितली जाते.

मनिलाच्या तोंदो भागात, गोदीच्या परिसरात, आन्तोनिओ इलुस्त्रिसिमो राहत. १९०४ मध्ये बान्तायान बेटावर जन्म, लहानपणी घरातून पळून दक्षिणेकडे, तिथे एका मुसलमान सरदाराच्या आश्रयाला, नंतर गोदीकामगार आणि खलाशी. लोक त्यांना ‘तातांग’ म्हणत, म्हणजे बाबा. त्यांच्या अंगावर प्रार्थनांचे गोंदण होते. फिलिपिन्समध्ये या मंत्रांना ओरासिऑन आणि ताइतांना अंतिंग-अंतिंग म्हणतात. मोडकी लॅटिन, काही स्थानिक शब्द, कागदावर किंवा कातडीवर. इलुस्त्रिसिमो यांचा त्यावर विश्वास होता आणि ते तो लपवत नसत. आपण सुशिक्षित माणसे अशा वेळी हसतो. पण संरक्षणाला काही न घालता धारदार पात्यासमोर उभे राहायचे तर पाय थरथरू नयेत यासाठी माणसाला काहीतरी लागतेच. ताईत वार थांबवत नसेल, पण हात स्थिर ठेवत असेल तर त्याचे काम झाले. त्यांनी बरीच वर्षे कोणाला शिकवले नाही. १९७० च्या दशकात काही तरुण मागेच लागले तेव्हा ते तयार झाले. शिकवताना काठी हातात असली तरी ते पात्याचाच विचार करत. काठीवर काठी आपटून आवाज काढणे म्हणजे त्यांच्या लेखी धार बोथट करणे. त्यामुळे अडवण्यापेक्षा थोडे सरकून समोरच्याचा हातच कापायचा, हा त्यांचा धडा. १९९७ मध्ये ते गेले.

फ्लोरो व्हिलाब्रिल्ये यांच्याभोवतीची कथा याहून अद्भुत. सेबूकडचा हा माणूस पुढे हवाईला स्थायिक झाला आणि १९९२ मध्ये वारला. त्यांना सामार बेटावर होसेफिना नावाच्या एका आंधळ्या राजकन्येने शिकवले, असे सांगतात. डोळे नसताना ती आवाजावरून आणि काठीच्या स्पर्शावरून वार ओळखायची म्हणे. ही राजकन्या इतिहासात कुठे सापडत नाही. पण कथेत एक खरा धडा लपलेला आहे. काठी काठीला किंवा हात हाताला चिकटून राहिला की डोळ्यांआधी कातडीला कळते. ‘हुबुद-लुबुद’ नावाचा सराव हेच शिकवतो. हुबुद म्हणजे सोडणे, लुबुद म्हणजे बांधणे. दोघांचे हात एकमेकांत गुंतवून तासन्‌तास तेच चक्र. राजकन्या कदाचित त्या सरावाचेच मानवी रूप असेल.

आता एक मोठी उडी घेऊ, पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियात. कारण ही विद्या जगाला कळली ती मनिलातून कमी आणि स्टॉक्टन या शेतमालाच्या गावातून जास्त. १८९८ मध्ये फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९२० च्या दशकात तिथली तरुण पोरे मोठ्या संख्येने अमेरिकेत मजुरीला आली. स्टॉक्टनच्या आसपास ॲस्परॅगसची शेते होती. ॲस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीची बहीण. तिचे कोंब जमिनीलगत कापावे लागतात, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून. गावात फिलिपिनो माणसांना बऱ्याच हॉटेलांत शिरता येत नसे. ‘फिलिपिनोंना सक्त मनाई’ अशा अर्थाची पाटी लावलेल्या स्टॉक्टनमधल्या एका हॉटेलचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावाने फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करायला कायद्याने बंदी केली, आणि त्यांच्या देशातल्या स्त्रिया तिथे जवळपास नव्हत्याच. शेकडो पुरुष अविवाहितच म्हातारे झाले. या पिढीला तिथे ‘मनोंग’ म्हणतात. इलोकानो भाषेत मनोंग म्हणजे दादा, थोरला भाऊ.

मजुरांच्या या वस्तीत काठी होती, पण दार लावून. परक्याला दाखवायची नाही, आपल्यातल्याही कोणालाही सहज दाखवायची नाही. गुपित फोडले तर उद्या तेच आपल्यावर उलटेल ही धास्ती. ते दार उघडले एंजल कबालेस यांनी. १९१७ मध्ये पनाय बेटावरच्या आन्तिके प्रांतात जन्म, अमेरिकेत आल्यावर अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांत आणि मग स्टॉक्टनच्या शेतांत काम. १९६६ मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुली अशी एस्क्रिमाची शाळा काढली. अमेरिकेतली तशी पहिली शाळा तीच मानतात. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘सेर्रादा’, म्हणजे बंद, आखूड. काठी दोन फुटांच्या आसपास, पाऊल लहान, अंगाशी अंग.

त्यांचे गुरू फेलिसिसिमो डिझोन यांची दंतकथा त्या शाळेत सांगितली जाई. डिझोन एका गुहेत शिकले, आणि शेवटची परीक्षा म्हणजे एक बोगदा. पाय ठेवाल तिथली फळी दबते आणि कुठून तरी भाला किंवा पाते सुटते. त्यातून जिवंत बाहेर आलेले डिझोन एकटेच. हाँगकाँगच्या सिनेमाची आठवण व्हावी अशी गोष्ट. पण कबालेस यांचा रोजचा सराव पाहिला की गुहा कशासाठी हवी होती ते कळते. त्याला ‘लॉक अँड ब्लॉक’ म्हणत. गुरूच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात खंजीर. गुरू क्रम न सांगता, न थांबता वार करत सुटतो आणि शिष्याने प्रत्येकाला उत्तर द्यायचे. पुढचा वार कुठून येईल हे माहीत नसणे, हीच ती गुहा. १९९१ मध्ये कबालेस वारले. त्यांच्या पिढीचे स्टॉक्टनमधले ‘लिटल मनिला’ त्याआधीच शहरातून काढलेल्या महामार्गाखाली बरेचसे गेले होते.

स्टॉक्टनचेच दुसरे वस्ताद लिओ गिरोन. त्यांच्याबाबत दंतकथेची गरजच पडत नाही. जन्म १९११, शेतमजुरी, मग महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती. १९४४ मध्ये पाणबुडीतून त्यांना जपानव्याप्त फिलिपिन्समध्ये गुप्त कामगिरीवर उतरवण्यात आले. जंगलात गोळीचा आवाज म्हणजे मृत्यू, त्यामुळे हाताघाईत कोयत्याचा उपयोग करावा लागला. परत आल्यावर पुन्हा शेते, आणि बराच काळ मौन. १९६६ मध्ये शिकागोत आठ शिकाऊ परिचारिकांची हत्या झाली, त्यांत फिलिपिन्सहून आलेल्या तरुणीही होत्या. त्या बातमीने आपल्याला शिकवायला प्रवृत्त केले असे गिरोन सांगत. १९६८ मध्ये त्यांनी वर्ग सुरू केला. जे त्यांनी जंगलात केले होते ते दुसऱ्यांना करावे लागू नये, पण करावे लागलेच तर यावे, असा त्यांच्या शिकवण्याचा सूर होता. २००२ पर्यंत ते होते.

स्टॉक्टनमध्येच १९३६ मध्ये जन्मलेले डॅन इनोसांतो या मनोंग मंडळींकडे शिकले आणि ब्रूस लीचे स्नेही झाले. १९७२ मध्ये चित्रित झालेल्या आणि ब्रूस लीच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘गेम ऑफ डेथ’मध्ये दोन काठ्या घेऊन त्याच्याशी लढणारा माणूस म्हणजे इनोसांतो. त्यांनीच पुढे पुस्तकातून आणि वर्गांतून ‘काली’ हे नाव जगभर नेले. म्हणजे १९५७ च्या त्या प्रस्तावनेची कल्पना कॅलिफोर्नियामार्गे फिलिपिन्सला परत आली.

मायदेशात मात्र ही विद्या मरणपंथाला लागली होती. मुले ज्युदो आणि कराटेकडे जात. त्यात शान होती, आणि काठीत नुसती सुजलेली बोटे. कारण जुन्या सरावात लक्ष्य असे समोरच्याचा काठी धरलेला हात. ‘सापाचे दात पाडणे’ म्हणत त्याला. खऱ्या लढाईत शहाणपणाचे, पण वर्गात? आठवड्यात अर्धे विद्यार्थी गळणार. नेग्रोस बेटावरचे रेमी प्रेसास यांनी, १९३६ ते २००१ हा त्यांचा काळ, एक साधा बदल केला. हाताऐवजी काठीवर काठी मारायची. दोघांच्या हातांत वेत, मधे टकटक आवाज, बोटे शाबूत. त्यांनी याला ‘मॉडर्न आर्निस’ नाव दिले आणि शाळा-कॉलेजांच्या शारीरिक शिक्षणात ते नेले. इलुस्त्रिसिमो यांच्यासारख्यांच्या दृष्टीने हे धार बोथट करणेच होते, आणि त्यात तथ्य आहे. पण फिलिपिन्समधल्या सामान्य शाळकरी पोराच्या हातात पुन्हा काठी आली ती या बोथट मार्गाने.

११ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल आरोयो यांनी ९८५० क्रमांकाच्या कायद्यावर सही केली आणि आर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला. कायद्याच्या व्याख्येत या विद्येची सगळी नावे ओळीने दिली आहेत. एस्क्रिमा आहे, काली आहे, आणि त्यापुढे प्रांतोप्रांतीची म्हणून पागकालीकाली, कालिराँगान, कालिरादमान अशी, ‘काली’ हे अक्षर पोटात असलेली नावे आहेत. त्यांतली बरीच नावे मिराफुएन्ते यांच्या प्रस्तावनेपासून पुस्तकामागून पुस्तकात उतरत आलेली. एक दंतकथा २००४ मध्ये सरकारने बनावट ठरवली आणि पाचच वर्षांत दुसरी कायद्यात जाऊन बसली.

त्या कायद्यात आणखी एक कलम आहे. देशभरच्या शालेय क्रीडास्पर्धा दरवर्षी भरतात, त्यांना पालारोंग पंबान्सा म्हणतात. त्या स्पर्धांत पहिला सामना आर्निसचा असावा, असे हे कलम सांगते. मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर गादीचे कवच, हातात मऊ वेष्टण असलेली काठी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)